ऑब्लिव्हियन पहिल्या क्रमांकावर का नको?

गिल्डच्या, म्हणजे खेळातील संघटनांच्या, कथा सर्वांत सरस असल्यामुळे एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेत ऑब्लिव्हियनलाच (२००६) पहिला क्रमांक द्यावा, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या गिल्डची ती बंद वाड्यातील कामगिरी, जिथे आपणच खुनी असूनही उरलेले पाहुणे आपल्याशी विश्वासाने बोलत राहतात, तिला मालिकेत खरोखरच तोड नाही. परंतु या मतात शत्रूंच्या पातळीचा (लेव्हलचा) मुद्दा विचारात घेतलेला नाही. ऑब्लिव्हियनमध्ये बहुतेक शत्रू आपल्याबरोबरच बलवान होत जातात; त्यामुळे पुढे पुढे रस्त्यावरचा लुटारूही ग्लास आर्मर हे मौल्यवान चिलखत घालून आपल्याकडे शंभर नाणी मागतो आणि आपण कमावलेल्या सामर्थ्याला काही अर्थच उरत नाही. स्किरिमने (२०११) नकाशातील अनेक भागांमधील शत्रूंना किमान पातळी देऊन हा दोष बराच कमी केला.

मॉरोविंडमध्ये (२००२) मात्र अनेक दुर्मीळ शस्त्रे निर्मात्यांनी ठरावीक ठिकाणीच हाताने ठेवलेली आहेत आणि दिशा दाखवणारा बाण नसल्याने बालमोरा शहरात, सुरुवातीलाच ज्याला भेटायचे असते त्या कायस कोसेडिसचे घरसुद्धा विचारत विचारत शोधावे लागते. नेम धरूनही सुरुवातीचे वार हुकतात, हे मान्य. तरीही माझ्या क्रमवारीत मॉरोविंड, स्किरिम आणि मग ऑब्लिव्हियन.