मदत हवी आहे: फ्री डिशला स्ट्रेंथ भरपूर, पण क्वालिटी शून्य (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आईबाबांकडे मानेवाड्याला डीडी फ्री डिश लावून द्यायची आहे. आईला सह्याद्रीशिवाय करमत नाही आणि दर महिन्याचं रिचार्ज दोघांनाही नको झालंय. गच्चीवर आधीच्या डीटीएचची ६० सेंटिमीटरची छत्री आहे, ती ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे लावलेली होती. फ्री डिश जीसॅट-१५ वर, म्हणजे ९३.५ अंशांवर. म्हणून छत्री साधारण दहा अंश पूर्वेकडे वळवली. बॉक्स, केबल, कनेक्टर सगळं नवं आहे.

बॉक्सवर स्ट्रेंथ ८० च्या वर दिसते, क्वालिटी मात्र शून्यावरून हलत नाही. सेटिंग असं आहे: ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) ९७५०/१०६००. समोर शेजारच्यांचा कडुनिंब आहे. छत्रीहून दहाएक फूट उंच, अंतर बारा-पंधरा फूट. तो आड येत असेल का? की एलएनबीच गेला? बाबांना या वयात गच्चीवर चढू द्यायचं नाही, त्यामुळे मी इथे आहे तोवरच हे मार्गी लावायचंय. कृपया सांगा.

प्रतिसाद:

भाऊ, एलएनबी इतक्यात बदलू नका. स्ट्रेंथवर जाऊच नका. छत्री मोकळ्या आकाशाकडे असली तरी एलएनबीच्या स्वतःच्या गोंगाटाने तो आकडा चढतो. बॉक्सला नेमक्या उपग्रहाचा सिग्नल उलगडता आला तरच क्वालिटी दिसते.

अडचण दिशेची वाटते. नागपुरातून हे उपग्रह बरेच डोक्यावर आहेत, त्यामुळे कक्षेतला साडेदहा अंशांचा फरक जमिनीवर जवळपास २५ अंशांचा होतो. खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर ८३ चा उपग्रह १६९ अंशांवर येतो आणि ९३.५ चा १४४-१४५ वर, म्हणजे आग्नेयेला. उंचीही, म्हणजे क्षितिजापासून वरचा कोन, ६५ वरून ६० अंशांवर आणायची. छत्री ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून ती बघायला बरीच उभी वाटेल. डोळ्यांवर नाही, ब्रॅकेटवरच्या खुणेवर भरवसा ठेवा.

सगळे विसरतात तो भाग म्हणजे एलएनबीचा पीळ, म्हणजे तो पकडीत किती फिरवलाय ते. आधी तो १० अंश असेल, आता ३३ च्या आसपास हवा. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. हा चुकला तर व्हर्टिकल-हॉरिझॉन्टल, म्हणजे उभ्या-आडव्या लहरींची सरमिसळ होऊन क्वालिटी पडते.

६० अंशांच्या उंचीला दहा फूट उंच झाड सहा फुटांच्या आत असलं तरच आड येतं. कडुनिंबाला हात लावू नका.

मोबाइलचं होकायंत्र टिनाच्या शेडपासून आणि छत्रीच्या खांबापासून दूर धरून बघा, लोखंडाजवळ ते भरकटतं. मग छत्री अगदी थोडी सरकवायची, चार-पाच सेकंद थांबायचं, पुन्हा थोडी. क्वालिटी उलगडायला बॉक्सला तेवढा वेळ लागतो. खाली टीव्हीपाशी कुणाला तरी बसवा आणि फोन चालू ठेवा. क्वालिटी आली की नट आलटून-पालटून आवळा. एकच बाजू करकचून आवळली की छत्री हलते.

धागाकर्ता:

खूप आभार! २५ अंशांचं गणित मला कुणीच सांगितलं नव्हतं. ऊन उतरलं की चढतो. एक विचारायचं राहिलं: ब्रॅकेटवरच्या खुणा गंजून पुसल्या आहेत, तर उंची कशी मोजू?