जळगाव-भुसावळ रोजची ये-जा, गाडी ऑक्टाव्हिया आरएस: जास्त पकडीचे टायर कोणते घेऊ?

तापीकाठचा:
नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, सेकंडहँड. २४५ घोडे, सगळे पुढच्या चाकांना जुंपलेले. (ही कसली स्पोर्ट्‌स कार, ही तर डिकीवाली सेदान, असं म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारी बसून बघावं.) रोज भुसावळ ते जळगाव आणि परत, महिन्यातून एकदा चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगर.

पुढच्या दोन टायरांचा पार गोटा झालाय. त्यातल्या उजव्याला खड्ड्याच्या कृपेने बाजूला फुगाही आलाय. मागच्यांना अजून चार मिलिमीटर नक्षी आहे. साइझ २२५/४० आर १८. मला पकड हवी, टायर किती किलोमीटर टिकतो याची फार फिकीर नाही. एक मित्र म्हणतो, ट्रेडवेअर (टायरच्या झिजेचा छापील आकडा) २००च्या आतले सेमीस्लिक (कमी खाचांचे, मऊ रबराचे) टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. रोजच्या गाडीला ते झेपतील का? आणि दोनच बदलू की चार? पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचं आहे.

सातपुडा_सायलेन्सर:
भाऊ, गाडी भारी शे. पन पहिले तो फुगावाला टायर काढी टाक, मंग पकडनं बोलूत.

घाटरस्ता:
सायलेन्सरभाऊंशी सहमत. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि हवा नुसत्या रबरावर तोलून धरली आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, डांबर त्याहून तापतं. अशा वेळी तो टायर घेऊन शंभरच्या वेगाने जाऊ नका. आज स्टेपनी लावा आणि स्टेपनीवर जो वेग लिहिलाय त्याच्या आत चालवा.

आता सेमीस्लिकचं. मी एक संच वापरून बघितलाय, दुसऱ्या गाडीवर. कोरड्या घाटात मजा येते, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या नक्षीत खाचा कमी असतात, म्हणजे पाणी बाजूला फेकायला जागा कमी. आपल्याकडे आठ महिने धूळ, ऑइल आणि घासलेलं रबर रस्त्यावर साचत राहतं. जूनच्या पहिल्या सरीला त्याचा साबण होतो. त्यात शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर आणून टाकलेली. तिथे तुमचा सेमीस्लिक नवा असला तरी गोट्यासारखाच वागतो. शिवाय मऊ रबर रस्त्यावरची खडी उचलून चाकाच्या कमानीत ताशासारखी वाजवतं, ते वेगळंच.

ट्रेडवेअरच्या आकड्याचा लोक देव करतात. तो अमेरिकेतला प्रकार आहे. टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यावर साधारण साडेअकरा हजार किलोमीटर गाडी फिरवून, संदर्भाच्या टायरशी तुलना करून झीज मोजतात. संदर्भाचा टायर १०० धरला तर २००वाला दुप्पट टिकावा, इतकाच त्याचा अर्थ. तो आकडा पकडीचा नाही, आणि कंपनी स्वतःच ठरवून छापते. त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३०० शेजारी ठेवून निकाल लावू नका. बाजूला जे एए किंवा ए छापलेलं असतं तेही फक्त ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्याचं मोजमाप आहे, वळणाचं नव्हे.

तुमच्या वापराला उन्हाळी परफॉर्मन्स टायर हवेत, ज्यांची ओल्यातली पकड नावाजलेली आहे. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस किंवा ५, कॉन्टिनेन्टलचे मॅक्सकॉन्टॅक्ट, गुडइयरचे ईगल एफ१ असिमेट्रिक, या पंगतीतले. माझं मत ४एस. त्याचं ट्रेडवेअर ३०० आहे आणि तरी तो पकडीत कमी पडत नाही, यावरून आकड्याचं काय ते समजा.

धुळे_चौफुली:
व्रेडेस्टाइन विसरलात. नेदरलँड्सची कंपनी, २००९ मध्ये आपल्या अपोलोने घेतली. त्यांचे अल्ट्रॅक व्होर्टी आमच्या घरच्या गाडीला आहेत. बाजूची भिंत जरा कडक, आवाज मध्यम, पावसात तक्रार नाही. सुरतेच्या रस्त्याला कोंडाईबारी घाटात भर पावसात पाय पोटाशी न घेता चालवली आहे.

दुसरं म्हणजे, नाव ठरवून दुकानात जाऊ नका. जून २०२० पासून बाहेरून येणाऱ्या टायरांना परवाना लागतो, त्यामुळे स्पोर्टी साइझ कधी असते, कधी महिनाभर नसते. आपल्याकडच्या दुकानांत माल ट्रॅक्टरचा आणि एसयूव्हीचा. बाकीचं नाशिक-पुण्याहून मागवतात.

आणि तारीख बघा! मला एकाने "अगदी नवा माल" म्हणून जे दिलं ते तीन वर्षं गोदामात पडलेलं निघालं, आणि मला कळलं ते बसवून, बॅलन्सिंग करून, पैसे देऊन झाल्यावर. टायरच्या भिंतीवर DOT अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. चारही टायरांवरचे वाचा, एकाचा वाचून थांबू नका.

पंक्चर_काका:
एवढी चर्चा झाली पण १८ इंचाबद्दल कोणी बोलेना. अहो, २२५ मिलिमीटर रुंदीच्या ४० टक्के म्हणजे भिंत फक्त ९० मिलिमीटर. पहिला फुगा खड्ड्याने दिला, दुसराही देईल, टायर कितीही महाग घ्या. १७ इंचाच्या चाकावर २२५/४५ टाका. भिंत १०१ मिलिमीटर होते. टायरसकट पूर्ण चाकाचा व्यास १८ला ६३७ आणि १७ला ६३४ मिलिमीटर, म्हणजे स्पीडोमीटरला अर्धा टक्काही फरक नाही. १७चे टायर सहसा स्वस्त मिळतात, तो वाचलेला पैसा चाकांना लावा.

फक्त दोन गोष्टी. या गाडीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत, तेव्हा पैसे देण्याआधी एक रिम बसवून चाक हाताने फिरवून बघा, कॅलिपरला घासतंय का. आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९४ एक्सएल (जादा भाराचा) असलेलाच घ्या. तुमच्या १८ इंची टायरवर बहुधा ९२ लिहिलेलं असेल, म्हणजे ६३० किलो. १७मध्ये ९१ही मिळतो, तो ६१५ किलोचा. ९४ म्हणजे ६७०. कमी वजन पेलणारा टायर चुकूनही नको.

तापीकाठचा:
काका, पण वळणावर गाडी ढिली नाही का वाटणार? १८ची मजा जाईल.

पंक्चर_काका:
थोडी जाईल. स्टिअरिंग वळवलं की नाक किंचित उशिरा फिरेल. दोन दिवसांत विसराल. फुगा आलेला टायर नशिराबादच्या पुढे रात्री अकरा वाजता बदलणं मात्र विसरता येत नाही.

घाटरस्ता:
काकांचं पटलं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन की चार हे राहिलं. १७ केलं तर प्रश्नच मिटला, चारही नवे. १८वरच राहिलात आणि दोनच घेतलेत, तर नवे मागे आणि जुने पुढे. लोक उलटं करतात, कारण ओढणारी चाकं पुढे आहेत. पण पावसात पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरते. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते, आणि कन्नड घाटात फिरायला जागा कुठे आहे? तुमचे मागचे चार मिलिमीटर पुढे येतील, तेही या पावसापुरतेच. कायद्याची मर्यादा १.६ असली तरी तीनच्या खाली पाण्यात भरवसा नाही.

सातपुडा_सायलेन्सर:
हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून पंपवाला सोडून देतो, आणि सकाळी टायर बसलेला.

तापीकाठचा:
मंडळी, ताजी खबर. १७ इंची रिमचा एक नग बसवून बघितला, कॅलिपरला बोटभर जागा राहते. नाशिकहून चार टायर मागवले, पायलट स्पोर्ट ४, ९४ एक्सएल, तारीख या वर्षाचीच. बसवणाऱ्या पोराने एकाची "आउटसाइड" लिहिलेली बाजू आत टाकली होती, तिथेच उभा होतो म्हणून दिसलं. काढायला लावला, मग अलाइनमेंट.

काल संध्याकाळी पहिली सर आली. साकेगावजवळ समोर दुचाकी आडवी आली, ब्रेक दाबला, एबीएस थोडं कुरकुरलं आणि गाडी सरळ रेषेत थांबली. दुचाकीवाला माझ्याकडेच डोळे वटारून गेला.

आता जुन्या १८ इंची रिम घरात पडून आहेत. कोणाला हव्यात का? उजव्या पुढच्या रिमला थोडा बेंड आहे, लपवत नाही.

धुळे_चौफुली:
बेंडवाली सोडून तीन देता का?