रात्री जुळलेला बेस सकाळी गाडीत घुमतो, चुकतंय कुठे?

प्रश्न:
घरीच एक गाणं मिक्स करतोय. किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेस गिटार, अकूस्टिक गिटार आणि गायन. सगळे झोपल्यावर बसतो, त्यामुळे स्पीकर अगदी हळू. रात्री झकास वाटतं. सकाळी गाडीत लावलं की बेस नुसता घुमतो आणि 'स', 'श' कानात टोचतात. बेस ३ डीबी (डेसिबल) उतरवला, तर फोनवर तो ऐकूच येईना.

उत्तर १:
गायन आणि गिटारवर ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (ठरावीक सुराखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावलाय का? त्याखाली माइकचे धक्के आणि घरघरच असते.

उत्तर २:
हाय-पास लावाच, पण मूळ दुखणं हळू आवाजाचं आहे. आवाज कमी असला की कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात, वरच्या टोकाचेही थोडे कमी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. तुम्ही रात्री कानाची उणीव भरून काढता, आणि गाडीत तीच भर अंगावर येते. मी एक अख्खं गाणं असंच नासवलं होतं, फार जीव लावला होता त्यात.

आता असं करा. स्पीकरच्या आवाजाचा नॉब गप्पांच्या आवाजापेक्षा जरा वर ठेवा आणि मग हलवू नका. सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली घ्या. आधी गायन आणि किक जुळवा, मग बेस शून्यापासून हळूहळू वर आणा. सूर ओळखू आला की हात काढा. इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणं, त्यानंतर.

फोनचा स्पीकर बेसची ४१ हर्ट्झची जाड तार वाजवूच शकत नाही. थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी विकृती देणारा इफेक्ट) द्या, वरचे स्वरांश वाढतात आणि त्यांवरून कान मूळ सूर ओळखतो. 'स'साठी गायनावर डी-एसर (टोचणारे 'स', 'श' तेवढे दाबणारा इफेक्ट), साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झ. सगळी ट्रेबल कापलीत तर गिटारची चमकही जाईल.

प्रश्नकर्ता:
काल दिवसा तसं केलं. बेसचा फेडर जवळपास ५ डीबी खाली आला! फक्त बेसचा खालचा ए हा सूर अजून फुगतो, बाकी सूर नीट आहेत.

उत्तर २:
एकच सूर फुगतोय म्हणजे ती खोली. तो ए ५५ हर्ट्झचा. खोली ३.१ मीटरच्या आसपास लांब आहे का? तेवढ्या अंतरावरच्या भिंतींमध्ये नेमका तोच सूर घुमतो, आणि भिंतीपाशी सर्वात जोरात. खुर्ची भिंतीला टेकलेली असेल तर पुढे घ्या. अगदी मध्यावर मात्र नको, तिथे तोच सूर गायब होतो.

प्रश्नकर्ता:
३.१५ मीटर. आणि हो, पाठ भिंतीलाच होती.