माल्टा: ब्लू लगून आणि समुद्रगुहा, आईबाबांना घेऊन जावं का? सल्ला हवा

सोनटक्का
नमस्कार मंडळी. आम्ही फ्रँकफुर्टला असतो. आईबाबा पुण्याहून आलेत आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघं चार दिवस माल्टाला निघालोय. मुक्काम स्लीमात. एक दिवस कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनला आणि तिथल्या गुहांना द्यायचा विचार आहे. बाबांचा गुडघा दुखतो, पायऱ्या सावकाश उतरतात. आई मूळची वेंगुर्ल्याची, पाण्यात पाय घातल्याशिवाय तिला समुद्र बघितल्यासारखा वाटत नाही. बस, बोट, जेवण धरून त्या दिवसाला चौघांचे मिळून १२० युरो. भाड्याची गाडी नको. कोणी जाऊन आलंय का?

निळाई_नाशिक
जुलैत गेलो होतो. सरळ खाजगी बोट घ्या, दुसरा विचारच करू नका. आम्ही सहा जणांत अख्ख्या दिवसाची घेतली, नावाड्यासकट. आधी शेजारची क्रिस्टल लगून खाडी, मग ब्लू लगून, मग गुहा, जेवणही बोटीवरच. ज्येष्ठ मंडळींना रांगेत उभं करू नये.

सोनटक्का
धन्यवाद, पण १२० युरोत ते बसेल असं वाटत नाही.

निळाई_नाशिक
बसणार नाही. पण आईबाबा रोज थोडेच येतात युरोपात? इथे हात आखडू नका.

रानजाई
मी ऑगस्टात गेले होते आणि मनापासून सांगते, आईबाबांना नेऊ नका. बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, त्यावर नावाला सावली नाही. वाळूचा तुकडा इवलासा, तो भरला की खडकावर बसायचं, आणि तो चुनखडीचा खडक पायाला कापतो. अननस पोखरून त्यात पेय देतात, ते रिकामे अननस जिकडेतिकडे पडलेले. पाणी सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण मी तासाभरात परतीच्या बोटीच्या रांगेत होते.

बोरकूट
रानजाई +१. गर्दी भयंकर. २०२२ मध्ये तर तिथल्या आंदोलकांनी भाड्याच्या खुर्च्या न् छत्र्या उचलून किनारा मोकळा केला होता.

प्रवासीपक्षी
वरची माहिती जुनी होतेय. मे २०२५ पासून लगूनला उतरायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. ती फुकट आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे स्लॉट आहेत. फोनवर कोड येतो, तो दाखवला की मनगटाला पट्टा बांधतात. आम्ही जूनमध्ये गेलो तेव्हा गर्दी होती, पण चेंगराचेंगरी नव्हती. बोटीचं तिकीट काढलं म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका. आमच्या शेजारचं कुटुंब असंच अडकलं होतं, उभ्या उन्हात फोनवर फॉर्म भरत.

हेदवीकर
एवढे पैसे खर्चून गुहाच बघायच्या तर आमच्या हेदवीला बामणघळ आहे की. भरतीला लाट आत घुसते आणि पाणी कसलं उंच उडतं!

रानजाई
बामणघळ म्हणजे कातळातली चीर, गुहा नव्हे. आत बोट जात नाही.

हेदवीकर
बोट जात नाही म्हणून कमी का? तिच्यासमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं. मी लहानपणापासून बघतोय.

रानजाई
कमी म्हणालेच नाही मी. धागा माल्टाचा आहे इतकंच.

बोरकूट
गुहाच हव्या असतील तर कोमिनो सोडा, ब्लू ग्रोटोला जा. मुख्य बेटाच्या दक्षिणेला, झुरीए गावाजवळ. व्हॅलेटाहून ७४ नंबरची बस. लहान होड्या असतात, लाइफ जॅकेट देतात, वीसेक मिनिटांची फेरी. सकाळीच जा. ऊन आत शिरतं तेव्हा खालचं पाणी निळं पेटल्यासारखं दिसतं, दुपारनंतर ते उरत नाही. परत येताना ‘हाजार ईम’ (Ħaġar Qim) नावाची प्राचीन दगडी देवळं बघा, पाच हजार वर्षांहून जुनी आहेत.

मीठमिरची
ब्लू ग्रोटो +१, पण आमची निराशा झाली. दोन बस बदलून पोचलो तर फलक लावलेला, आज होड्या बंद. आकाश स्वच्छ, ऊन कडक, वारासुद्धा नाही! वर रस्त्याकडेच्या कठड्यावरून कमान बघितली आणि परत फिरलो. मुलं दिवसभर फुरंगटून होती.

दर्यावर्दी_रत्नागिरी
मीठमिरची, वारा नसला तरी दूरवरून आलेली लाट असते, तिला काठावरचं हवामान ठाऊक नसतं. दक्षिणेकडून लाट असेल तर ब्लू ग्रोटोच्या तोंडाशी होडी नेता येत नाही. तेव्हा उत्तरेला कोमिनो बरं. उलट माल्टात वायव्येचा वारा बऱ्याचदा सुटतो, त्याला तिथे मय्यिस्त्राल म्हणतात. तो आला की कोमिनोची खाडी ढवळते आणि ब्लू ग्रोटो आडोशाला राहतं. म्हणून आजच दिवस ठरवून टाकू नका. चार दिवस हातात आहेत, आदल्या संध्याकाळी वाऱ्याची आणि लाटेची दिशा बघा आणि मग ठरवा उत्तर की दक्षिण. वीस वर्षं जहाजावर काढली, या पाण्यातूनही गेलोय. एवढं एक ऐकाच.

गोडेतेल
शेजारच्या गोझो बेटावर जा! अझूर विंडो नावाच्या त्या प्रसिद्ध दगडी खिडकीतून समुद्र बघा, आईबाबांचा फोटो सुंदर येईल.

प्रवासीपक्षी
ती खिडकी ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. आता तिथे नुसता समुद्र आहे. पण तिच्या शेजारचा इनलँड सी आहे अजून. कड्यांनी वेढलेलं तळं आणि त्यातून समुद्रात निघणारा बोगदा. कोळ्यांच्या होड्या बोगद्यातून बाहेर नेऊन गुहा दाखवतात. पाणी शांत, गर्दी बेताची. बाबांसाठी मला हेच सोयीचं वाटतं.

गोडेतेल
अरेरे, माहीत नव्हतं. आम्ही २०१४ ला गेलो होतो, घरात फ्रेम लावलीय.

निळाई_नाशिक
इनलँड सी आम्हीही केलं, खाजगी गाडीने. बसने दिवस मोडेल.

सखी_सोलापूर
उन्हाचं क्रीम, टोप्या, पाण्याच्या बाटल्या न्या. रबरी तळाचे पाण्यातले बूट चौघांनाही घ्या, खडक खरंच कापतो. जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात जेलीफिश असतात, उतरू नका. आणि माल्टात चार्जरला ब्रिटिश तीन पिनांचा प्लग लागतो, जर्मनीतला चालत नाही. आमचे फोन पहिल्याच रात्री बंद पडले होते.

बोरकूट
मग ब्लू ग्रोटोच ना?

सोनटक्का
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ब्लू ग्रोटो आणि इनलँड सी दोन्ही बाबांना सोपं पडेल हे पटलं. पण दोन्हीकडे होडीत बसून बघायचं, आणि आईला पाण्यात उभं राहायचंय. बाबाच म्हणाले, "मी काठावर बसेन, तिला जाऊ दे." तेव्हा कोमिनोच.

दुपारच्या स्लॉटची नोंदणी केली. स्लीमाहून २२२ ची बस उत्तर टोकाच्या चिरकेव्वा धक्क्यापर्यंत, तिथून लहान बोट. बसचा उन्हाळी दर माणशी २.५० युरो, म्हणजे येऊन-जाऊन चौघांचे २०. बोटीला माणशी पंधरा धरलेत. उरलेल्या ४० मध्ये जेवण, तेही स्लीमात उतरल्यावर. बऱ्याच बोटी परतीच्या वाटेवर गुहांच्या तोंडाशी नेतात असं कळलं, आमची नेते का ते तिकीट काढताना विचारीन.

दर्यावर्दी काका, तुमचं अर्धंच ऐकलं. आमचा तो एकच दिवस मोकळा आहे, बाकीची तिकिटं काढून झालीत. वायव्येचा वारा सुटला तर?

दर्यावर्दी_रत्नागिरी
तर बोटीत पाऊल टाकण्याआधी नावाड्याला विचार, धक्क्याला लावताना बोट हलते का. बाबांचा गुडघा खरा त्या उतरण्याचढण्यात दुखेल. तो "हलते" म्हणाला तर नोंदणी सोड आणि चिरकेव्वाहूनच गोझोची मोठी फेरीबोट धर. पंचवीस मिनिटांत पोचते, तिकिटाचे पैसे परत येतानाच द्यावे लागतात. आणि परतीची शेवटची बोट किती वाजता, ते लगूनला उतरतानाच विचारून ठेव, बाळा.

सोनटक्का
हो काका. लिहून घेतलं.