मदत हवी आहे: फनोम रुंगला पहाटे कसं पोहोचायचं?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन थायलंडच्या बुरिराम प्रांतात फनोम रुंगला जायचंय. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं ख्मेर शिवमंदिर, 10 ते 13व्या शतकातलं. त्या दिवसांत उगवता सूर्य 15 दारांतून आरपार दिसतो (ढग नसले तर!). मुक्काम नांग रोंगला आहे. अंधारात तिथून गाडी मिळते, की आदल्या दिवशीच ठरवावी लागते?

आईचे गुडघे दुखतात. जेजुरीला अर्ध्यात बसली होती. पाच फण्यांच्या नागांच्या पुलानंतरचा उभा जिना टाळून वर जाता येतं का?

आणि दारावरची ती शेषशायी विष्णूची शिळा, चोरीला जाऊन 1988 साली शिकागोहून परत आलेली, तिच्यावर उजेड केव्हा चांगला पडतो? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.