रेडिओ कॅरोलाइन (६४८) ॲबर्डीनला ऐकायचंय, सेट सुचवा. बजेट ६० पौंड

कॅसेटवाली
मंडळी, नमस्कार. एसेक्समधून स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला बस्तान हलवलं आणि माझं स्टेशन हातचं गेलं. कोलचेस्टरला मिडियम वेव्ह ६४८ किलोहर्ट्झवर कॅरोलाइन खणखणीत लागायचं. इथे दिवसा नुसती खरखर, अंधार पडल्यावर येतं-जातं. वेड म्हणा हवं तर. बाकीची क्लासिक रॉक स्टेशनं तीच ती हिट गाणी दळतात. हे लोक एलपीच्या दुसऱ्या बाजूचं आठ मिनिटांचं गाणं लावतात आणि गिटार संपेपर्यंत मध्ये तोंड घालत नाहीत.
ॲपवर मिळतं हे ठाऊक आहे. ॲप नको. फोन हातात आला की ऑफिसही हातात येतं. बटण फिरवलं की लागेल असा सेट हवा. साठच्या वर एक पेनीही नाही.

वायफाय_वामन
ताई, सरळ चांगला इंटरनेट रेडिओ घ्या. साठात येणार नाही, दुपटीच्या पुढे जाल, पण एकदाच काय ते. माझ्याकडे तीन आहेत. स्वयंपाकघरातला तर लाकडी आहे, पाहुणे विचारतात.

रिमोट_हरवला
+१ इंटरनेट रेडिओ. बजेट थोडं वाढवा.

खरखर
वामनराव, थांबा जरा. माझाही होता तसला. सेट ठणठणीत, पण स्टेशनांची यादी ज्या सर्व्हरवरून यायची तो कंपनीने एके दिवशी बंद केला. आता त्यात वेळ तेवढी दिसते. महागडं घड्याळ.

वायफाय_वामन
म्हणून ब्रँड बघून घ्यायचा असतो.

खरखर
ब्रँड बघूनच घेतला होता.

गोंधळी
कॅरोलाइन म्हणजे ते जहाजावरचं ना? ते बुडालं की १९८० मध्ये! अजून चालू आहे?

अण्णा_डायलवाले
बुडालं ते ‘मी अमिगो’. १९८३ पासून ‘रॉस रिव्हेंज’. ते जहाज आजही एसेक्समध्ये ब्लॅकवॉटर खाडीत नांगर टाकून आहे. ६४८ चं प्रक्षेपण मात्र सफोकच्या किनाऱ्यावरून, ऑरफर्ड नेसहून होतं. २०११ पर्यंत त्याच जागेवरून, त्याच ६४८ वर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लागायची. कॅरोलाइन तिथे आलं डिसेंबर २०१७ मध्ये. बीबीसीची ताकद ५०० किलोवॅट, यांची त्यापुढे चिमूटभर. म्हणून ताईंना झगडावं लागतंय.

गोंधळी
पण सरकारने कायदा करून १९६७ ला बंद पाडलं होतं ना?

अण्णा_डायलवाले
कायदा ऑगस्ट १९६७ चा, बरोबर. बाकीची समुद्री स्टेशनं, म्हणजे परवान्याशिवाय जहाजांवरून बोलणारी, बहुतेक गुंडाळली, कॅरोलाइन बोलत राहिलं. मार्च १९६८ मध्ये त्यांची तेव्हाची दोन्ही जहाजं ओढून नेली ती थकलेल्या बिलांपायी. सरकारला जमलं नाही ते उधारीने केलं.

कॅसेटवाली
अण्णा, मस्तच! पण सेट?

तांबडा_दिवा
डॅबवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर, प्लॅनेट रॉक स्टेशन लावा की. तेच ते.

कॅसेटवाली
तेच ते नाही.

सिग्नल_तोडू
आमच्या मेव्हण्याने अमेरिकेहून सुरेख डिजिटल सेट आणला. त्यावर ६४० लागतं, ६५० लागतं, ६४८ लागतच नाही! तिकडे मिडियम वेव्हवर दहा-दहाच्या पायऱ्या, इकडे नऊ-नऊच्या. आकड्यांचा सेट घेणार असाल तर ९ किलोहर्ट्झची सोय आहे का हे आधी बघा. मेव्हणा अजून म्हणतो, सेट उत्तम आहे.

रात्रपाळी
एक पैसा न खर्चता: नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (ब्राउझरमधून फिरवायचा त्यांचा रेडिओ) उघडा, ६४८ टाका. त्यांची अँटेना, तुमचे कान.

कॅसेटवाली
मग ॲपने काय घोडं मारलं होतं? :)

रिमोट_हरवला
इंटरनेट रेडिओच घ्या. वर वामनराव म्हणालेत तसं.

अण्णा_डायलवाले
आता मुद्द्यावर येतो. ताई, नकाशा काढा. ऑरफर्ड नेस ते ॲबर्डीन सुमारे ६०० किलोमीटर, पण नॉरफोक ओलांडलं की जवळजवळ सगळी वाट नॉर्थ सीवरून. मिडियम वेव्ह जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून खूप लांब जाते. तेवढ्याच अंतरावर जमिनीपलीकडे असतात तर दिवसाची आशाच नव्हती. रात्री ती आकाशातून उसळून येते, म्हणून येते-जाते, आणि युरोपातली इतर स्टेशनंही घुसतात.
माझा संशय घरावर आहे. एलईडी दिवे, फोनचे चार्जर, वायफायची डबी, सगळे मिडियम वेव्हवर किरकिर करतात. बॅटरीवरचा रेडिओ घ्या, घरातला मेन स्विच दोन मिनिटं पाडा आणि ऐका. खरखर बसली तर दोष सेटचा नाही. मग रेडिओ दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवून जागच्या जागी फिरवा. आतली फेराइटची कांडी हीच मिडियम वेव्हची अँटेना. तिच्या लांबट बाजूसमोरचं स्टेशन चांगलं येतं, टोकाकडचं मरतं. त्यानेही भागलं नाही तर टेकसनची एएन-२०० लूप अँटेना. सेटशेजारी नुसती ठेवायची आणि तिचं बटण फिरवायचं.

वायफाय_वामन
एवढी कवायत करण्यापेक्षा...

तांबडा_दिवा
गाडीत ऐका. गाडीचा रेडिओ सगळ्यात चांगला पकडतो.

सिग्नल_तोडू
नवी इलेक्ट्रिक गाडी असेल तर मिडियम वेव्ह असेलच असं नाही हो. मोटरच्या खरखरीमुळे काही कंपन्यांनी काढूनच टाकलं.

कॅसेटवाली
अपडेट देते. मेन स्विच पाडला आणि खरखर निम्म्याने उतरली! मुख्य गुन्हेगार ओट्यावरची एलईडी पट्टी. ती काढली. आता वामनरावांनी रागावू नये: चॅरिटी शॉपमधून जुना रॉबर्ट्स ट्रान्झिस्टर उचलला. काटा फिरवायचा, त्यामुळे नऊ-दहाचा प्रश्नच मिटला. वरच्या खोलीच्या खिडकीत ठेवलाय. दिवसासुद्धा लागतं, जरा खोल, पण गाणं ओळखू येतं. अँटेना घेत नाही. उरलेले पैसे रॉस रिव्हेंज बघायला. कोलचेस्टरला असताना हाकेच्या अंतरावर होतं ते, तेव्हा राहूनच गेलं.

खरखर
जुना रॉबर्ट्स म्हणजे पीपी९, ती नऊ व्होल्टची मोठी चौकोनी बॅटरी. किंमत बघितलीत का तिची? बघा एकदा.

अण्णा_डायलवाले
सहा पेन्सिल सेलचा होल्डर मिळतो, पीपी९ च्या जागी बसतो. व्होल्टेज तेच, नऊ. जुना सेट कोणीच सुचवला नव्हता, मीही नाही. मॉडेल कोणतं?

रिमोट_हरवला
शेवटी कोणता इंटरनेट रेडिओ घेतला?