'ऑफ-लेबल'ला मराठीत काय म्हणावं?

कोरांटी: मनोविकार बाह्यरुग्ण विभागासाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. खटला चालू असताना मनोरुग्ण आरोपीला सोडतात आणि नातेवाईक 'नियमित बाह्यरुग्ण उपचार घेऊ' अशी हमी देतात (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३३०, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६९), त्या नातेवाइकांसाठी. सोडियम व्हॅल्प्रोएट या औषधाला मान्यता अपस्मार, उन्माद यांसाठी. इथे दिलंय राग अनावर होतो म्हणून, म्हणजे मान्यता नसलेल्या कारणासाठी, 'ऑफ-लेबल'. मी लिहिलं 'मान्यताबाह्य वापर'. काल एका आईला वाचून दाखवलं, तर तिचं बोट त्या शब्दावरच थांबलं. "बाह्य म्हंजे कोर्टाला चालनार नाय का? आन् त्याला फिट कुठं येती?"

दगडफूल: 'बाह्य' नकोच. घटनाबाह्य, नियमबाह्य, कान तिकडेच जातो. हमी लिहून दिलेल्या माणसाला धडकीच भरेल. शिक्षकेतरच्या चालीवर 'मान्येतर वापर' करा.

मु_पो_वाई: शाळाबाह्य मुलांनी काय गुन्हा केला? तुमच्या पत्रकातच 'बाह्यरुग्ण' आहे. 'मान्येतर'मधून त्या माउलीला 'मान्य नाही' एवढंच ऐकू येईल. सरळ 'ऑफ-लेबल' ठेवा.

शेवंता: तेवढं नका करू. २६ वर्षं मनोविकार वॉर्डात काढलीत. तिथे लेबल म्हणजे एकच, वेडा हा शिक्का. 'ऑफ-लेबल' कानावर पडलं तेव्हा एका मुलाने गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून विचारलं होतं, "सिस्टर, माझं लेबल निघालं?" मला बोलवेना. पुढे आम्ही असं सांगायचो: "गोळी फिटचीच आहे, रागासाठी तिला मान्यता नाही. पण काहींना लागू पडते, म्हणून डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतायत. शंका असेल तर आत्ताच विचारा." एक शब्द कशाला, वाक्यच द्या.

कोरांटी: वाक्य घेतेच. पण संमतीपत्रातल्या रकान्याला शब्द लागतो. आणि 'फिट' लिहू की 'आकडी'?

दगडफूल: अपस्मार. अप आणि स्मृ, म्हणजे भान हरपणं. इतका नेमका शब्द असताना फिट कशाला?

मु_पो_वाई: नेमका कुणासाठी? आमच्याकडे फेफरं, आजोळी मिरगी. आकडी म्हणजे हातपाय वाकडे होणं, तो शब्द डोळ्यांना दिसतो.

दगडफूल: मिरगी हिंदीतून आलेली.

शेवंता: माझ्या आजीने हिंदी कधी ऐकली नाही. मिरगीच म्हणायची.